गजराबाईचं धुराडं

अणदुरात गजराबाईचं नाव ‘रडकी सून’ असं पडलं होतं. खरं म्हणजे तिच्याइतकी हसरी बाई त्या आळीत दुसरी नव्हती. आडावर पाण्याला गेली की तिथं हशा पिकायचा. कुणाच्या सासूचं बोलणं, कुणाच्या दिराची चाल, सगळं घागर कमरेवर ठेवून करून दाखवायची. पण तीच बाई घरात शिरून चुलीपुढं बसली की थोड्या वेळानं बाहेर यायची ती डोळे लालभडक, नाक ओलं, पदर तोंडाशी. बघणाऱ्यानं काय समजायचं?

दोष चुलीचा होता. ज्ञानोबांच्या घराच्या भिंती हातभर रुंद, वर पांढऱ्या मातीचं जाड माळवद, आणि स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी म्हणून नाही. उजेडासाठी माळवदाला वीतभर भोक, म्हणजे साणं, ठेवलेलं. धूर जायचा त्या साण्यातूनच, पण जायच्या आधी सोयऱ्यासारखा घरभर हिंडून, कोनाड्या-कोनाड्यात डोकावून, गजराबाईच्या डोळ्यांत मुक्काम करून मग सावकाश निघायचा.

एकदा तिची आई, मथुराबाई, तामलवाडीहून आली. लेक चुलीपुढून उठून पाया पडायला आली, तसा आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“कोण छळतंय गं तुला?”

“कुणी न्हाय गं आई.”

“आईपसून लपवू नगंस. सासरा का?”

“तुराट्या.”

“कोण ह्या तुराट्या? भावकीतल्या का?”

“अगं जळण गं! तुरीच्या तुराट्या. ओल्या हायत्या.”

मथुराबाईला ते पटलं नाही. ती तडक ओसरीवर गेली, पदर सावरला, आवाज मात्र सावरला नाही. “इवाईबुवा, पोरीत काय खोट आसंल तर आमाला सांगा. तिला रडवू नगासा.”

ज्ञानोबा सुपारी कातरत होते. अडकित्ता उघडाच राहिला. “कोण रडतंय?”

“डोळं बघा की तिचं!”

ज्ञानोबांनी सुनेकडं बघितलं, जणू पहिल्यांदाच. मग अगदी मनापासून म्हणाले, “आवो, हिची सासू बी अशीच हुती. म्या तिला उभ्या जल्मात लाल डोळ्याचीच बघितली. मला वाटलं, बायांचे डोळे तसलेच आसत्यात.”

यावर विहीणबाई नुसत्या बघत राहिल्या. ते बघणं ज्ञानोबांना पुढं कितीतरी दिवस, चपलेत अडकलेल्या काट्यासारखं, उठता-बसता लागत राहिलं.

त्याच सुमाराला तालुक्याहून चंद्रप्रभाबाई नावाची ग्रामसेविका यायला लागली. निजाम जाऊन वर्षं झाली होती, जिल्हा मुंबईकडं जोडला गेला होता, नवी हपिसं निघाली होती आणि त्या हपिसांतून रोज नवं काहीतरी निघत होतं. चंद्रप्रभाबाईंच्या पिशवीतून निघाली बिनधुराची चूल, म्हणजे कागदावर काढलेलं तिचं चित्र. आळीतल्या बायका गोळा झाल्या.

“पहिली चूल मोडायची,” चंद्रप्रभाबाई समजावून सांगत होत्या, “आणि तिथंच ही नवी बांधायची.”

“मोडायची?” शेजारच्या शरणम्मानं गालावर हात ठेवला. “बाई, तुमचं लगीन झालंया का?”

“नाही.”

“तरीच.”

बायका हसल्या, चंद्रप्रभाबाईही बिचाऱ्या हसल्या. तेवढ्यात ओसरीवरून ज्ञानोबांचा आवाज आला, “आमच्या घरात बांधा. आमची विहीण परत आली तर मला तिचं ते बघणं नगं.”

आठवडाभर घरात माती, भुसा, शेण यांचा राडा झाला. चूल उभी राहिली. पुढं जाळ घालायचं तोंड, वर दोन भांडी बसतील अशी दोन भोकं, आणि मागं धूर जायला एक तिरका चढता बोगदा, गजराबाईचा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढा. तो बोगदा भिंतीशी जाऊन वर वळायचा, आणि तिथून कुंभारानं भाजून दिलेल्या खापराच्या नळ्या एकावर एक, थेट माळवदाच्या वर. टोकावर पावसासाठी पत्र्याची टोपी. पारावर बसणाऱ्यांना ते धुराडं लगेच दिसलं.

“ज्ञानोबाच्या घरावर गिरणी आली रं!”

“दळण किती घेता, आबा?”

जाताना चंद्रप्रभाबाईंनी गजराबाईला बजावलं, “चूल स्वच्छ ठेवा बरं का. आणि अधूनमधून वरची नळी झाडून घ्या.”

“सोच्छ म्हंजी? आवो, आरशावानी ठिवते बघा!”

आणि ठेवलीही. रोज सकाळी राख काढायची आणि पोतेरं घ्यायचं. कधी शेणाचं, कधी पांढऱ्या मातीचं, सणावाराला गेरूचा हात. आपल्या पोरीलाही तिनं एवढी तेल-वेणी केली नसेल. सगळं गाव येऊन चूल बघून जायचं. बायका म्हणायच्या, “गजरे, चूल हाय का देव्हारा गं?”

पण त्या चुलीनं तिला जे दिलं ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं, आणि सांगण्यासारखं तर त्याहून नव्हतं.

तिचा नवरा बब्रुवान. ज्ञानोबांचा एकुलता एक मुलगा, उंचापुरा, हाडापेरानं मजबूत, आणि घरात मुका. बापासमोर त्याच्याजवळ तीनच शब्द होते: व्हय, न्हाय, बघतो. रात्री तो रानात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यात, बैलांपाशी झोपायचा, दिवसा बैलांच्या मागं. घरी यायचा तो जेवायला, तेही ओसरीवर, आबांच्या शेजारी. आबांच्या देखत बायकोशी बोलायची पद्धत नव्हती. काही सांगायचंच झालं तर तो दावणीला बांधलेल्या गाईला सांगायचा, “उद्या न्याहारी जरा लवकर पायजे बरं का.” आणि गजराबाई आतून गाईलाच उत्तर द्यायची, “मिळंल म्हनावं.” लग्नाला इतकी वर्षं झाली, एक लेक झाली, पण नवऱ्याचा आवाज तिला जेवढा ठाऊक होता त्याहून जास्त त्या गाईला ठाऊक होता.

नव्या चुलीवर पहिला स्वयंपाक झाला त्या संध्याकाळी बब्रुवान मीठ मागायला आत आला आणि उंबऱ्यातच थांबला. वर बघितलं, कोपऱ्यात बघितलं.

“धूर कुठं गेला?”

“वर.”

“समदा?”

“समदा.”

तो उंबऱ्यावर टेकला. मीठ विसरला. मग म्हणाला, “हितंच वाढ की.”

त्या दिवसापासून त्याचं ताट चुलीपाशी. आबांना कमी ऐकू यायचं आणि ओसरी लांब. आणि गजराबाईला कळलं की आपला नवरा बोलतो! नुसता बोलत नाही, नकला करतो! तलाठी पान थुंकून ‘हे कुणाचं शेत?’ कसं विचारतो, बाजारातला दलाल रुमालाखाली बोटं धरून बैलाचा सौदा कसा करतो, सगळं हातवाऱ्यांसकट. ती तव्यावर भाकर टाकून ऐकत बसायची, भाकर करपायची, आणि तो करपलेली भाकर बोलता बोलता गोड मानून खायचा. एकदा तर तिनंही त्याला शरणम्माची नक्कल करून दाखवली. त्याला असा ठसका लागला की ओसरीवरून ज्ञानोबांनी विचारलं, “काय झालं रं?”

“व्हय,” बब्रुवान म्हणाला.

आडावर आता ती आधीसारखीच हसायची, पण घरात शिरायची घाई असायची तिला. बायकांना वाटलं, नव्या चुलीचं कौतुक आहे. तसं म्हणा हवं तर.

मग दिवाळी झाली आणि धूर परत आला.

आधी थोडा, चुकार वासरासारखा. नंतर रोज. जाळ घातला की चुलीच्या तोंडातूनच बाहेर, वर जायचं नावच नाही. बब्रुवान एक दिवस खोकत बसला, दुसऱ्या दिवशी डोळे पुसत बसला, तिसऱ्या दिवशी ताट घेऊन उठला.

“आवो, बसा की. जातोय आत्ता धूर.”

“डोळं लई झोंबायल्यात गं.”

गेला ओसरीवर. आबांच्या शेजारी. तीन शब्दांत. आत गजराबाई फुंकणी घेऊन चुलीपुढं बसली आणि फुंकता फुंकता रडली. या वेळी मात्र धूर नसता तरी ती रडलीच असती.

मार्गशीर्ष लागला. चंपाषष्ठीला अणदुरात खंडोबाची यात्रा, घरोघरी पाहुणे, वांग्याचं भरीत, रोडगे, चूल दिवसभर विझायची नाही. ज्ञानोबांनी एका सकाळी घसा साफ केला. “पाव्हण्यांला धुरात बसवता यायचं न्हाय. चंपाषष्ठीच्या आत ह्या चुलीचं काय ते बघा. न्हाईतर तीन दगडं मांडा आन साणं मोकळं करा.”

चंद्रप्रभाबाईंना विचारावं, तर त्यांची बदली तेरकडं झालेली. मग वरची नळी झाडायची कुणी?

आता इथं अडचण अशी होती. माळवदावर गजराबाईनं चढायचं म्हटलं, तर ज्ञानोबा खाली ओसरीवर. गुडघ्यांमुळं ते दिवसभर तिथून हलत नव्हते. आणि सासरा खाली बसलेला असताना सुनेनं त्याच्या डोक्यावर उभं राहायचं, ही गोष्ट त्या घरात होत नसे. पापड-कुरड्यासुद्धा ती शरणम्माच्या माळवदावर वाळत घालायची. बरं, बब्रुवाननं चढावं, तर धुराडं चुलीचं आणि चूल बायकांची. पारावरून सगळ्या गावानं बघितलं असतं, ज्ञानोबाचा वाघ चुलीचं काम करतोय. थोडक्यात, ती नळी घरावर होती पण घरात कुणाचीच नव्हती.

“अगं, माणूस बोलीव की,” शरणम्मानं तोडगा काढला. “भांड्याला कल्हईवाला आसतो, दाढीला न्हावी आसतो, धुराड्याला बी कुणी तरी आसंलच. आमच्या नात्यातला धोंडप्पा हाय, नळदुर्गाकडचा. कापसाच्या जिनिंगात बायलरवर हुता.”

धोंडप्पा आला. लांब कळक, त्याच्या टोकाला बोराटीची फांदी बांधलेली, खांद्यावर पोतं, आणि मिशा अशा की आधी त्याच झाडून घ्याव्यात. त्यानं अंगणातूनच मान वर करून धुराड्याकडं बघितलं आणि खदखदा हसला.

“ह्ये? अव्वा, ह्येच्यासाठी मला बोलावलाव? आमच्या जिनिंगाची चिमणी म्हंजी, तिच्यात हत्ती सोडला तर फकस्त शेपूट दिसंल. ह्ये तर विडी हाय.”

“विडी तर विडी. पर ती वढंना झालीया,” गजराबाई म्हणाली.

“फिकीर करू नका.”

तो चढला. कळक आत घातला आणि असा काही घुसळायला लागला की खाली घर दणाणलं. गजराबाईनं काठवटीत पीठ मळून ठेवलं होतं. ती “आवो, थांबा, झाकू द्या!” म्हणेपर्यंत चुलीतून भसकन काजळीचा ढग बाहेर आला. पीठ काळं, गजराबाई काळी, कोनाड्यातली लोणच्याची बरणी काळी. वरून आवाज आला, “बिलकूल साफ!”

धोंडप्पानं नळी झाडली, यात खोटं काहीच नव्हतं. पोतंभर काजळी निघाली. तो जेवून, पायलीभर ज्वारी बांधून गेला. संध्याकाळी जाळ घातला. धूर परत तोंडाकडून.

दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, “वारं उलटं हाय. वर आजून दोन नळ्या चढवा.” नळ्या चढवल्या. पारावरचे म्हणाले, “गिरणी वाढली रं आबाची.” धूर तोंडाकडून.

तिसऱ्यांदा त्यानं चुलीपुढं उकिडवं बसून बराच वेळ विचार केला. “अव्वा, नळी साफ हाय, वारं साफ हाय. मला वाटतं, चुलीचं तोंडच चुकलंया.”

“चुलीचं ऱ्हाऊ द्या,” गजराबाई उसळली, “आधी तुमचं कुठं उघडतंय ते बघा! दर खेपेला उघडतंय ते जेवायलाच.”

धोंडप्पा रागावला नाही. “जेवायला तुमच्या हाताला चव हाय, त्येला मी काय करू,” म्हणाला आणि कळक खांद्यावर टाकून निघून गेला.

त्या रात्रीच्या जेवणाला ज्ञानोबांनी निकाल दिला. “उद्या दगडं मांडा. पुरं झाली थेरं.”

बब्रुवान ताटाकडं बघत होता. गजराबाई दाराआड उभी होती, हातात वाढायची वाटी. तिला वाटलं, तो आता म्हणेल ‘व्हय’. त्यानं ताट पुढं सरकवलं. घासही घेतला नाही. तिनं ते बघितलं आणि आत जाऊन वाटी आपटली.

सकाळी सडा-सारवण झालं. ज्ञानोबा ओसरीवर घोंगडीवर बसले होते, बब्रुवान न्याहारीला येताना रानातून आणलेले बैल बाहेर काढत होता. गजराबाई पदर डोक्यावर घट्ट ओढून थेट ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

“मामंजी, तुमी जरा देवळात जाऊन बसता का?”

“आत्ता? कशाला?”

“म्या माळवदावर चढणार हाय.”

ज्ञानोबांनी कानावर हात धरला. “कुठं चढणार?”

“माळवदावर!” ती ओरडली. आता शरणम्माच्या घरापर्यंत ऐकू गेलं. “धुराडं म्याच बघनार हाय. तुमी खाली बसल्यावर म्या वर कशी जाऊ? म्हनून म्हनते, देवळात बसा.”

“माझं गुडघं धरल्यात.”

“मग गोठ्यात बसा. गोठ्यावर म्या पाय ठिवायची न्हाय.”

“मी? माझ्या घरात मी गोठ्यात बसू?”

“घोंगडी आथरून देते की.”

एक विचित्र आवाज आला. दोघांनी वळून बघितलं. बब्रुवान बैलाच्या मानेवर तोंड लपवून हसत होता. बापासमोर हसताना त्याला कुणी बघितलं नव्हतं. ज्ञानोबांना तर आधी वाटलं, बैलालाच काही झालं.

त्यानं डोळे पुसले, बैल परत दावणीला बांधले. “मी चढतो.”

“तू?” ज्ञानोबा म्हणाले. “अरं, पार समदा भरलाय. चुलीपुढचं मांजर म्हंत्याल तुला.”

“म्हनू द्या.”

“आन वर जाऊन तू तरी काय करणार? त्यो बायलरवाला थकला.”

बब्रुवान तीन शब्दांतला एखादा शोधत असावा. सापडला नाही. मग मान खाली घालून, पण ऐकू जाईल असं म्हणाला, “आबा, मला ओसरीवर भाकर गोड लागंना झालीया.”

गजराबाईनं चटकन पाठ फिरवली. ज्ञानोबांनी मुलाकडं बघितलं, सुनेच्या पाठीकडं बघितलं, आणि अडकित्ता हातात घेतला. “मंग चढ की,” ते म्हणाले. “मला काय इचारतूस.”

बब्रुवाननं शिडी लावली. वर जाऊन पत्र्याची टोपी काढली, धोंडप्पाच्या वाढीव नळ्या उतरवल्या, चिंध्यांत गुंडाळलेला दगड दोरीला बांधला आणि नळीत सोडला. खाली गजराबाईनं थंड चुलीतली राख काढली आणि जमिनीवर आडवी होऊन मागच्या भोकाशी कान लावला.

“आला का दगड?”

ती दचकून उठली. आवाज चुलीतून आला होता. अगदी कानाशी, जसा उंबऱ्यावर बसून बोलायचा तसा.

“अगं बया! तुमी तर हितंच बसल्यावानी बोलायलाव!”

वरून पान थुंकल्यासारखा आवाज आला. मग चुलीतून तलाठी बोलला, “हे कुणाचं धुराडं? सातबारा कुठाय?”

“आवो, कुणी बघंल!”

बघत होतेच. पारावरून हाळी आली, “बब्रुवान, तोंड घालून काय करायलास? देव दिसायलाय का आत?”

“व्हय!” बब्रुवान ओरडला. “दर्शन घ्यायलोय! तुमी बी या, रांगंत उभं ऱ्हावा!”

पारावर हशा झाला. गजराबाईला तो नळीतून आला तेवढाच ऐकू आला, पण त्यात तिच्या नवऱ्याचा हशा सगळ्यांत मोठा होता.

“दगड आडकला गं,” तो म्हणाला. “खाली यिऊन टेकलाय. तुझ्या बाजूला दिसतो का?”

“न्हाय दिसत.”

“मग मधी काय हाय?”

तिनं मागच्या बोगद्यात हात घातला. हा हात चूल बांधली तेव्हा कोपरापर्यंत जात होता. आता मनगटाशी थांबला. तिनं बोटांनी चाचपलं. काजळी नव्हती, गुळगुळीत होतं, टणक, ओळखीचं. उलथणं घेऊन तिनं कडेनं खरवडलं, एक खपली निघून हातात आली. ती उजेडात नेऊन बघितली आणि तिथंच बसली.

खपलीत थरावर थर होते. पांढऱ्या मातीचा एक, शेणाचा एक, परत पांढरा, परत शेणाचा. मध्ये एक तांबूस रेघ, तो दसऱ्याचा गेरू. त्याच्या बऱ्याच वर दुसरी तांबूस रेघ, दिवाळीची. त्या दिवशी तिनं पाठ दुखेपर्यंत आतून हात फिरवला होता, कोपरासुद्धा सुटायला नको म्हणून.

“काय हाय गं?” चूल म्हणाली.

तिनं खपली उलटी करून परत बघितली.

“अगं, बोल की. इच्चू हाय का काय?”

“न्हाय.”

“मग?”

“पोतेरं हाय.”

“कुणाचं?”

“कुणाचं म्हंजी? माझं! सोच्छ ठिवा म्हनल्या हुत्या बाई. म्या रोज आतून बी हात फिरवीत हुते. वाट बुजली की सारी.”

तिला वाटलं, चिडला. इतक्या दिवसांचा धूर, धोंडप्पाची जेवणं, आबांची बोलणी, सगळं आपल्याच हातानं. मग नळीतून थोडी काजळी खाली पडली. आणखी थोडी. आणि तिच्या लक्षात आलं, वर नवरा नळीला धरून हसतोय आणि त्याच्या हसण्यानं नळी हलतेय.

“हसू नगासा!”

“न्हाय हसत.” परत काजळी पडली. “गजरे, आगं, बिचाऱ्या धोंडप्पाला तू तोंडावरनं बोललीस गं.”

“माझ्या पिठाचं वाटूळं केलं त्यानं!” ती म्हणाली, आणि मग तिलाही आवरेना.

ओसरीवरून ज्ञानोबांनी विचारलं, “काय रं, काय झालं?”

“सापडलं आबा!”

“काय सापडलं?”

“सारवण!”

ज्ञानोबांना काही कळलं नाही. त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

खरवडायला दुपार झाली. थर असे चिकटले होते की उलथणं वाकलं, मग विळा घेतला, मग खुरपं. बब्रुवानचं वर तसं काम राहिलं नव्हतं. दगड वर ओढायचा, परत सोडायचा, तेवढंच. पण तो उतरला नाही. तो नळीशी बसून बोलत होता, ती आत खरवडत होती आणि ‘मग?’ म्हणत होती. पोरीला शाळेत घालावं का, तुरीवर अळी पडली, लहानपणी त्याच्या हातून सुटलेल्या शेळीची अर्धी राहिलेली गोष्ट, त्याची आई जिवंत असताना त्याला कशावरून मारायची, असलं सगळं. आईबद्दल त्यानं तिला आजवर कधी सांगितलं नव्हतं. नळीत तोंड घालून सांगितलं.

शेवटी दगड घरंगळत येऊन धप्पकन चुलीत पडला. गजराबाईनं तुराट्या लावल्या, काडी ओढली. धूर तोंडाशी आला, थोडा घोटाळला, मग वळला आणि मागं खेचला गेला. माळवदावर तो सरळ बब्रुवानच्या तोंडावर निघाला. तो खोकत, शिंकत, काळा ठिक्कर होऊन शिडीवरून उतरला, आणि पारावरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

चंपाषष्ठीला दोन्हीकडचे पाहुणे आले. वांगी भाजली, रोडगे झाले, आत इतक्या बायका की वाट नाही, आणि कुणाच्याच डोळ्यांत पाणी नाही. पाहुणे गेल्यावर, घर मोकळं झाल्यावर, बब्रुवान ताट घेऊन उठला, आबांच्या देखत स्वयंपाकघराकडं निघाला आणि चुलीपाशी बसला. गजराबाईनं भाकर थापायला घेतली. त्यानं तोंड उघडलं.

“माझं ताट काय तुळजापूरला वाढलंय का?” ओसरीवरून आवाज आला. पाठोपाठ काठीचा आवाज. ज्ञानोबा एकेक पाऊल टाकत आत आले, इकडंतिकडं बघितलं, पाट ओढला आणि बरोबर चुलीजवळ, उबेला बसले. “हां,” म्हणाले. “गुडघ्याला बरं वाटतंय. आता रोज हितंच बसतो. एकट्याला मला बी गोड लागत न्हाय.”

आणि ते बोलायला लागले. रझाकारांच्या वेळी धान्य कुठं पुरलं होतं, त्यांचं लग्न कसं ठरलं, गजराबाईची सासू गजराबाईच्या पोरीएवढी असताना, चूल हाती यायच्या आधी, केवढी हसायची. गजराबाईनं त्यांना आणखी एक भाकर वाढली, तूप जास्त घातलं. म्हातारा बिचारा किती वर्षं ओसरीवर एकटा सुपारी कातरत होता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. पण बब्रुवान परत तीन शब्दांवर आला होता. व्हय. न्हाय. बघतो. जेवताना त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि भुवया उंचावल्या, तिनं तव्याकडं बघत हसू दाबलं. तेवढंच बोलणं.

पौष निम्मा झाला असेल. एक दिवस सकाळी, चूल पेटायच्या आधी, बब्रुवान अंगणात उभा राहून धुराड्याकडं निरखून बघायला लागला.

“आबा, नळीत काजळी साचल्यावानी वाटतीया.”

“एवढ्यात?”

“कापसाच्या पळाट्यांचं जळण हाय न्हवं. लई काजळी धरतंय.”

“धोंडप्पाला सांगावा धाडू का?”

“नगं नगं,” आतून गजराबाई म्हणाली, गाईला नव्हे, सरळ सासऱ्यांनाच. “त्येला कशाला? घरच्या घरी हुतंय की.”

बब्रुवान शिडी चढला. दगड खाली आला. चिंध्या जशा गेल्या तशाच, जवळजवळ कोऱ्या. गजराबाई चुलीपुढं मांडी घालून बसली, कान मागच्या भोकाशी, हातात उलथणं.

“हैस का?” चूल म्हणाली.

“हाय. बोला. त्या शेळीचं काय झालं पुढं?”

आणि तो सांगत असताना, ओसरीवर काम चालल्याचं ऐकू जावं म्हणून, ती मधूनमधून उलथणं मोकळ्या चुलीच्या कडेवर खण्णकन आपटत राहिली.